ठीक आहे, सुधारणा हवी

पुंता अरेनासला वारा असा की
चौकाचौकात दोर बांधून ठेवतात,
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात.
त्या दिवशी मीही तशीच घरी पोचले,
कोटाच्या आत सतरा नंबरचा पेपर.

नाव नव्हतं त्यावर. नाव नसतंच.
व्हुकासोविचबाईंनी सत्राच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं :
यंदा पेपर तुम्हीच तपासायचे, एकमेकांचे.
चार चौकटी, शून्य ते पाच,
आणि तपासणीलाही गुण, शंभरातले वीस.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
मग बाई, पगार तुम्ही घेणार की आम्ही?
त्या हसल्या. चष्मा पुसला.
उत्तर काही दिलं नाही.

कॅन्टीनमध्ये ठराव झाला :
सगळ्यांनी सगळ्यांना पाच द्यायचे.
तू माझं झाक, मी तुझं.
मानही डोलावली मी.

पण सतरा नंबर उघडला आणि
पहिल्याच पानावर अडखळले.
विषय किनाऱ्यालगतच्या शेवाळाचा,
आणि हा त्याला बेटावरच्या बोलीतल्या नावाने हाका मारत होता,
जणू शेजारचं खट्याळ पोर.
संदर्भसूची दोन ओळींची :
एक पाठ्यपुस्तक,
आणि "माझे वडील, बोलण्यातून".
ओळखायला काय लागतं?
वर्गात त्रेचाळीस वर्षांचा एकच आहे,
एलेउतेरिओ मान्सिया, खेकड्यांच्या बोटीवरचा,
ज्याच्या बोटांत पेन काडीएवढं दिसतं.

रात्री हीटरपाशी बसले.
मांडणी : दोन. संदर्भ : एक. भाषा : दोन.
निष्कर्षाला तीन दिले, दया म्हणून.
शेऱ्याच्या जागी लिहिलं,
ठीक आहे, सुधारणा हवी.
ठराव मोडला होता मी,
आणि छातीत कुणीतरी न्यायाधीश
ताठ बसला होता.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शुक्रवारी माझा पेपर परत आला.
पाच, पाच, पाच, पाच.
ठरावाप्रमाणे, म्हटलं, आणि मिटणार तोच
मागे टाचलेली पानं दिसली. तीन.

"चौथ्या बुईपाशी तुम्ही खोली नऊ मीटर लिहिता.
बरोबर आहे, पण फक्त खडकावर.
बोट चार हात सरकली की सोळा.
तिथे आमचा दोर गेला,
एकदा माणूसही जाता जाता राहिला.
पुन्हा मोजा. बोट लागली तर बाईंकडे निरोप ठेवा.
तिसरं पान मी दोनदा वाचलं, गरज नसताना.
पाचव्यावर मात्र तुम्ही घाई केलीत.
घरी काही झालं होतं का?"

झालं होतं.
पाचवं पान मी दवाखान्याच्या बाकावर लिहिलं होतं,
आत आईला नळ्या लावत होते.
कुणाला बोलले नव्हते.

सोमवारी दारावर यादी लागली, तपासणीच्या गुणांची.
मला वीसपैकी सोळा :
निकष काटेकोर पाळले, गुणांना आधार आहे.
सतरा नंबरला नऊ :
शेरे आणि गुण जुळत नाहीत, विषयांतर आहे.
मी यादी दोनदा वाचली.
बाईंची चूक म्हणता येईना.
चौकटीत बसेल तेवढंच त्यांनी मोजलं होतं,
मीही तेच केलं होतं.

संध्याकाळी चौकात तो पुढे होता,
त्याच दोरावर, माझ्या हातापासून वीतभर.
वळून ओरडला, वाऱ्यात ओरडावंच लागतं :
"मला कुणीतरी दोन-दोन दिलेत!
बरोबरच असणार.
पण सुधारू काय, ते लिहिलंच नाही!"

मी, म्हटलं.
एवढा एकच शब्द, तोही वाऱ्याने नेला.

"काय?"

दोर हातात थरथरत होता.
पलीकडचा फुटपाथ अजून आठ-दहा पावलं.

"काही नाही," मी ओरडले.
"बोट किती वाजता निघते?"